अडीच फुटांचा अडथळा

आमच्या शाळेत २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन ठरलेल्या पद्धतीने साजरा होत आला आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रतिमेला हार घालायचा, १९२८ साली याच दिवशी त्यांनी प्रकाशाच्या विकिरणाविषयीचा आपला शोध जाहीर केला हे सांगायचे, दोन-चार भाषणे घ्यायची आणि आठवी-नववीच्या मुलांचे प्रयोग मांडायचे. त्यानंतर लगेच ८ मार्च येतो. त्या दिवशी व्हरांड्याच्या भिंतीवर कर्तबगार स्त्रियांची छायाचित्रे लागतात, प्रत्येकीच्या नावाआधी ‘पहिली महिला’ असे लिहिलेले असते आणि दुसऱ्या दिवशी ती छायाचित्रे उतरवून कपाटात ठेवली जातात. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील एका खेड्यात मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. या वर्षी हे दोन्ही दिवस एकत्र धरून विज्ञान आणि क्रीडा या क्षेत्रांतील स्त्रियांचे एक प्रदर्शन उभे करावे, असे मी आणि आमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी ठरवले. ते कसे उभे राहिले हे इतर शाळांतील शिक्षकांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला नववीच्या मुलींना मी फक्त नावे जमवायला सांगितले. वर्तमानपत्रांची कात्रणे, जुने दिवाळी अंक, घरातल्या मोबाइलवर सापडलेली माहिती असे पुष्कळ काही आले आणि लगेच वादही सुरू झाला. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून एकीने कमलाबाई सोहोनी यांचे नाव आणले होते, दुसरीने जानकी अम्मल यांचे, तिसरीने असीमा चॅटर्जी यांचे. जानकी अम्मल यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्ये डॉक्टरेट दिली. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, असीमा चॅटर्जी यांनी १९४४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची, म्हणजे भारतीय विद्यापीठाची, डी.एस्सी. मिळवली. तिघींची कामे मोठी आहेत आणि त्यांना एका शिडीवर वर-खाली उभे करण्यात काही हशील नाही, हे मुलींना पटायला वेळ लागला नाही. पहिलेपणाचा मान देऊन आपण एका व्यक्तीचे कौतुक करतो. पण तिच्याआधी कुणीच का पोहोचले नव्हते, हे त्यातून कळत नाही. मला वर्षानुवर्षे हेच खटकत आले आहे. म्हणून आम्ही प्रत्येक तक्त्यासाठी तीन प्रश्न ठरवले: अडथळा नेमका काय होता, तो कोणत्या नियमाने किंवा कुणाच्या निर्णयाने घातला गेला होता, आणि तो कोणत्या साली हलला. ज्या स्त्रीबद्दल या तिन्ही प्रश्नांची उत्तरे किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी सापडतील तिचाच तक्ता करायचा, असे ठरल्यामुळे यादी एकदम लहान झाली आणि प्रदर्शनाला आकार आला.

ही चाळणी लावल्यावर काही नावे नव्याने लक्षात आली. त्यांतले मला सर्वांत आवडलेले नाव म्हणजे मुंबईच्या रोहिणी खाडिलकर. १९७६ साली ही लहान वयाची मुलगी राष्ट्रीय पुरुष बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेत खेळायला उतरली, तेव्हा त्यावर मोठा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही असा निर्णय दिला. हा तक्ता लिहिणाऱ्या मुलीने त्याखाली स्वतःहून नागपूरच्या दिव्या देशमुखचे छायाचित्र चिकटवले. दिव्याने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ती ग्रँडमास्टरही झाली, हे आमच्या मुलींनी बातम्यांत पाहिलेले होते. रोहिणीताईंचे नाव मात्र त्यांनी प्रथमच ऐकले. अशा जोड्या लागत गेल्या की इतिहास मुलांच्या डोक्यात बसतो, असा माझा अनुभव आहे.

खरी कसोटी कमलाबाईंच्या तक्त्याची होती. कमला भागवत या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी मिळवून त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. त्यांचे वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले होते. संस्थेचे संचालक तेव्हा रामन होते आणि केवळ स्त्री आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई बेंगळुरूला गेल्या, नकाराचे कारण विचारत राहिल्या, गांधीजींच्या मार्गाने सत्याग्रहाची भूमिका घेतली; तेव्हा रामन यांनी अटी घालून त्यांना घेतले. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानायचे नाही, ही त्यांतली मुख्य अट होती. वर्षभराच्या कामाने रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतील, श्वसनाच्या क्रियेत भाग घेणाऱ्या सायटोक्रोम सी या घटकाचा शोध लावला, मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग नावारूपाला आणला आणि नीरा या पेयाच्या पोषणमूल्यावर जे काम केले त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. एवढे सगळे होऊनही तो नकार आणि त्या अटी आपल्याला विसरता आल्या नाहीत, असे त्यांनी उतारवयात जाहीरपणे सांगितले होते.

हा तक्ता विज्ञान दिनी, रामन यांच्या प्रतिमेच्या शेजारी लावायचा की नाही, यावर शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चा झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की ज्यांचा दिवस आपण साजरा करतो त्यांच्याविषयी मुलांच्या मनात किंतु निर्माण करू नये. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. परंतु रामन यांच्या शोधाची थोरवी त्यांच्या एका निर्णयामुळे तसूभरही कमी होत नाही, आणि त्या निर्णयाची चूक त्यांच्या शोधामुळे झाकलीही जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे नववीतल्या मुलामुलींना नक्की समजते, असे मी म्हटले. मुख्याध्यापकांनी मजकूर स्वतः वाचला आणि एक चांगली सूचना केली. अॅना मणी यांनी पुढे रामन यांच्याच प्रयोगशाळेत माणिक आणि हिरा यांच्या वर्णपटांवर काम केले होते, तेव्हा त्यांचा तक्ता कमलाबाईंच्या तक्त्याला लागून लावावा, म्हणजे हललेला अडथळा दिसेल, असे त्यांनी सुचवले. तसेच केले. त्या दिवशी सकाळी रामन यांच्या प्रतिमेला नेहमीसारखा हार घातला गेला आणि त्याच्या उजव्या हाताला या दोघींचे तक्ते होते.

कमलाबाईंच्या तक्त्यावर आणखी एक ओळ आली, ती मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. ज्या केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली ते विद्यापीठ १९४८ पर्यंत स्त्रियांना पूर्ण पदवी देत नव्हते. पदवीचे नाव मिळे, पण विद्यापीठाच्या सदस्यत्वाचे अधिकार मिळत नसत. आपल्याकडेच तेवढे मागासलेपण होते आणि तिकडे सगळे मोकळे होते, ही समजूत मुलांच्या मनात आपोआप तयार होत असते, आणि ती वेळीच दूर करावी लागते.

अॅना मणी यांच्या बाबतीत अडथळा वेगळा होता. त्यांनी हिरा आणि माणकावर पाच शोधनिबंध लिहिले, प्रबंधही सादर केला, पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. हा स्त्री म्हणून घातलेला अडथळा म्हणायचा का, असा प्रश्न मुलींमध्ये निघाला. मी त्याचे उत्तर दिले नाही. त्यांनीच तक्त्यावर ‘कागदाचा नियम’ असे लिहून तो वेगळा काढला. १९४८ साली अॅना मणी पुण्याला भारतीय हवामानशास्त्र विभागात रुजू झाल्या. त्या काळी साधी हवामानमापक उपकरणेही परदेशांतून मागवली जात. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवून ती भारतात बनतील अशी व्यवस्था उभी केली, देशभर सौर प्रारणाच्या मोजणीची केंद्रे उभारली आणि १९७६ मध्ये विभागाच्या उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या. आमच्या तालुक्यात पाऊस किती मिलिमीटर झाला यावर पेरणीपासून चारा छावणीपर्यंतचे निर्णय ठरतात, त्यामुळे उपकरण बिनचूक असणे म्हणजे काय, हे इथल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

तरीही नुसता तक्ता पुरेसा वाटेना, म्हणून दोन प्रयोग जोडले. पहिला पर्जन्यमापकाचा: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे मुलींनी व्हरांड्यात खडूने चौरस आखून आणि झारीने पाणी ओतून दाखवले. दुसरा सूर्यप्रकाशाची नोंद करणाऱ्या उपकरणाचा. हवामान केंद्रावर त्यासाठी काचेचा भरीव गोळा असतो. आम्ही प्रयोगशाळेतील गोल बुडाचे चंबुपात्र पाण्याने काठोकाठ भरले, ते लोखंडी कड्यावर बसवले आणि त्याच्या मागे, काचेपासून साधारण चंबूच्या त्रिज्येइतक्या अंतरावर, काळ्या कार्डशीटची पट्टी अर्धवर्तुळात उभी केली. फेब्रुवारीतले माणदेशी ऊन तसे कडक असतेच. थोड्याच वेळात पट्टीवर ठिपक्याएवढा डाग पडला, त्यातून बारीक धूर निघाला आणि सूर्य सरकेल तसा तो डाग लांबत जाऊन तपकिरी रेघ झाली. मध्येच एक ढग आला तेवढ्यापुरती रेघ तुटली, आणि ती तुटलेली जागा बघायला मुलांची झुंबड उडाली. हा प्रयोग करताना पाण्याची बादली हाताशी ठेवावी, एका शिक्षकाने तिथून हलू नये, आणि चंबू उन्हात कधीही उघड्यावर सोडून जाऊ नये.

जानकी अम्मल यांचा तक्ता एका मुलीने मागून घेतला. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते आणि ती आजीजवळ राहत होती. जानकी अम्मल १९३०च्या दशकात कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात उसाच्या गुणसूत्रांवर काम करीत होत्या आणि भारतीय मातीत तगेल असा गोड ऊस कोणत्या संकरातून मिळेल याचा त्यांनी अभ्यास केला, एवढे तिला मी सांगितले होते. तिने ते फोनवरून आईला सांगितले. आईने विचारले की मग त्या बाईंनी ऊस तोडायला हलका का नाही केला, आणि तो प्रश्न मुलीने जसाच्या तसा तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहिला. मी तो पुसू दिला नाही.

आता मैदानाकडे वळते, कारण प्रदर्शनाचा जीव तिथे होता. ललिता बाबर आमच्याच तालुक्यातील मोही गावच्या, त्यामुळे त्यांचे नाव मुलींना पाठ आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे पक्के अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या, शर्यतीच्या प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय स्त्री धावपटू ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. हे सगळे अनेकांना माहीत आहे. आमच्या तीन प्रश्नांमुळे जे पुढे आले ते मात्र मलाही नवे होते. स्त्रियांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये प्रथम २००८ साली बीजिंगला झाली. पुरुषांची हीच शर्यत त्याआधी कित्येक दशके होत होती. उषा १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ज्या चारशे मीटर अडथळा शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदकाला मुकल्या, ती स्त्रियांची शर्यतही त्याच ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा घेतली गेली होती. म्हणजे ज्या दोन शर्यतींनी भारतीय स्त्रियांना तिथवर नेले, त्या दोन्ही स्त्रियांसाठी नुकत्याच खुल्या झालेल्या होत्या. ललिताताई वीस वर्षे आधी जन्मल्या असत्या तर त्यांच्या पायांत तेवढेच बळ असूनही ही शर्यत त्यांच्यासाठी नसती. आणि हे असे का होते, याचे मूळ शोधत मुली १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकपर्यंत गेल्या. तिथे स्त्रियांची आठशे मीटर शर्यत झाली, धावपटू दमून कोसळल्याच्या बातम्या छापल्या गेल्या, स्त्रियांच्या शरीराला हे अंतर झेपत नाही असे ठरवले गेले आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. रामन यांच्या शोधाचे वर्षही तेच, हे मुलींच्या लक्षात आल्यावर दोन्ही तक्ते त्यांनी एकाच दोरीवर टांगले.

स्टीपलचेसचा अडथळा आम्ही प्रत्यक्ष बनवून घेतला. स्त्रियांसाठी त्याची उंची ७६.२ सेंटिमीटर असते. गावातल्या सुतारकाकांना मी सेंटिमीटर सांगू लागले, तेव्हा त्यांनी पट्टी लावून सांगितले, “मॅडम, अडीच फूट म्हणा की सरळ.” वरची आडवी तुळई १२.७ सेंटिमीटर चौकोनी, म्हणजे पाच इंची. पडलेल्या घराची एक जुनी सागवानी तुळई त्यांच्याकडे होती. ती त्यांनी रंधून गुळगुळीत केली, कडा किंचित गोल केल्या आणि खाली जाड लाकडाच्या आडव्या पायांवर बोल्ट मारून बसवली. खऱ्या अडथळ्याची रुंदी जवळजवळ चार मीटर असते, आमचा सहा फुटांवर थांबला. क्रीडाशिक्षकांनी त्यावर काळेपांढरे पट्टे रंगवले आणि दोन्ही बाजूंना वाळू पसरली. साध्या अडथळा शर्यतीतला अडथळा पाय लागला की आडवा होतो. हा होत नाही. धावपटूने एक तर तो ओलांडायचा, नाही तर त्यावर पाय ठेवून पुढे उतरायचे, आणि असे तीन हजार मीटरमध्ये अठ्ठावीस वेळा करायचे, शिवाय सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून.

सरावाला मुली आल्या त्या गणवेशात, सलवार-कमीज आणि खांद्यावर पिन लावलेली ओढणी. पहिल्याच मुलीची सलवार घोट्याशी अडकली. क्रीडाशिक्षकांनी सराव लगेच थांबवला. दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक पँट घालून यायची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली, आणि ती मिळेपर्यंत मुलींनी ‘गणवेश’ या नावाचा एक तक्ता स्वतःच तयार केला होता. त्यावर तिन्ही प्रश्नांची उत्तरे होती, आणि तिसऱ्या उत्तरात चालू वर्षाचीच तारीख होती. मला वाटते, प्रदर्शनाची पद्धत त्यांना पूर्णपणे समजल्याचा हाच पुरावा होता.

प्रत्यक्ष दिवशी गावातील माणसे, आसपासच्या शाळांची मुले आणि पंचायत समितीचे अधिकारी येऊन गेले. भाषणे ठेवलीच नव्हती. प्रत्येक तक्त्यापाशी एक मुलगी किंवा मुलगा उभा राहून माहिती देत होता. सर्वाधिक गर्दी अपेक्षेप्रमाणे क्रिकेटच्या तक्त्यापाशी झाली, कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतीय महिलांनी जिंकलेला विश्वचषक सगळ्यांनी पाहिला होता आणि सांगलीची स्मृती मानधना सगळ्यांना आपलीच वाटते. स्त्रियांचा विश्वचषक १९७३ साली सुरू झाला, पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी, हे ऐकून तर मोठी माणसेही पुन्हा विचारत होती की नक्की का. स्त्री आणि पुरुष खेळाडूंना सामन्याचे समान मानधन २०२२ साली जाहीर झाले, हे त्याच तक्त्याच्या तिसऱ्या ओळीत होते. मैदानावर मुलांनाही अडथळा ओलांडायला दिला. त्यांच्यातल्या एकाने मुलींचा अडथळा मुलांपेक्षा बुटका का, असे विचारले. पुरुषांचा तीन फुटांचा असतो, अंतर मात्र दोघांना तेच, असे क्रीडाशिक्षकांनी सांगितले आणि त्याच्यापुढेच नववीतल्या एका मुलीला तुळईला पाय न लावता पलीकडे जायला सांगितले. ती गेली. त्या मुलाने मनापासून टाळ्या वाजवल्या.

तीन तक्ते अपुरे म्हणूनच लावलेले होते. त्यांतला एक हिवाळी ऑलिंपिकमधील नॉर्डिक कंबाइन्डचा, म्हणजे बर्फावर स्की घालून उडी आणि शर्यत अशा जोडस्पर्धेचा, ज्यात स्त्रियांची स्पर्धाच नाही. दुसरा डेकॅथलॉनचा, म्हणजे धावणे, उड्या आणि फेक यांच्या एकत्रित स्पर्धेचा, कारण ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या दहा प्रकारांसमोर स्त्रियांना सातच मिळतात. तिसरा ग्रीको-रोमन कुस्तीचा, जी ऑलिंपिकमध्ये फक्त पुरुषांसाठी आहे. अडथळा लिहिला आहे, नियमही लिहिला आहे, साल लिहायचे बाकी आहे.

८ मार्चनंतरही तक्ते या वेळी कपाटात गेले नाहीत. ते दोन पत्र्याच्या पेट्यांत भरून ठेवले आहेत आणि तालुक्यातील शाळांना आळीपाळीने दिले जातात. म्हसवडच्या आणि दहिवडीच्या शाळांत ते जाऊन आले. शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुलींनी ट्रॅक पँट घालायची परवानगी आता कायम झाली आहे. अडथळा मैदानाच्या कडेला पक्का बसवला आहे, आठवड्यातून दोन दिवस क्रीडाशिक्षक त्यावर सराव घेतात, आणि पाण्याच्या खड्ड्याची जागा फक्कीने आखून झाली आहे. तो उन्हाळ्याच्या सुट्टीत खणायचे ठरले आहे.